शेत विकून प्रोटॉन थेरपी घ्यावी का?

प्रश्न: माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६३ वर्षांचे आहेत. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. दोन महिने खोकला जाईना म्हणून स्कॅन केला, तर उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात गाठ निघाली. बायोप्सीत अॅडिनोकार्सिनोमा आला. छातीच्या मधल्या गाठींमध्येही आजार आहे, स्टेज ३. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. सांगलीच्या डॉक्टरांनी लिनॅक मशीनवर रेडिएशनची ३० सिटिंग आणि सोबत दर आठवड्याला केमो सांगितली आहे. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, हे सगळं जुनं झालं; प्रोटॉन घ्या, त्याला साइड इफेक्टच नसतात. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी केंद्राने २६ लाखांचा अंदाज दिला आहे, राहणं-खाणं वेगळं. दीड एकर उसाचं रान विकलं तर जमेल. अण्णा जमीन विकायला तयार नाहीत, आई म्हणते इथंच लवकर सुरू करा. तीन आठवडे झाले, माझा निर्णय होत नाही. उद्या काही झालं तर पैशासाठी बापाला चांगला उपचार दिला नाही असं होईल का?
– एक मुलगा, जि. सांगली

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं उत्तर सरळ आहे. रान विकू नका. सांगलीतच उपचार सुरू करा आणि या आठवड्यातच मार्गी लावा. पत्र वाचताना २६ लाखांपेक्षा मला तुमचे तीन आठवडे जास्त टोचले. तिसऱ्या स्टेजचा फुफ्फुसाचा कॅन्सर आपल्यासाठी थांबून राहत नाही. पेट स्कॅन (आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारा) जुना झाला की नवा काढावा लागतो, आणि त्या नव्या स्कॅनमध्ये आजार दुसरीकडे पसरलेला दिसला तर प्रोटॉन की लिनॅक हा वादच मिटतो, तोही वाईट अर्थानं.

आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण चुलतभावाला उत्तर शेवटी तुम्हालाच द्यायचंय.

लिनॅकमधून निघतात ते एक्स-रेच, फक्त छातीचा फोटो काढतात त्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचे. ते अंगातून आरपार जातात. वाटेत थोडी थोडी ऊर्जा सोडत गाठीवरून पुढे सरकतात आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतात. प्रोटॉनचं तसं नाही. तो अणूच्या गाभ्यातला कण; त्याला वजन आहे, विद्युतभार आहे. त्याचा वेग कमी होत जातो तसतशी तो जास्त ऊर्जा सोडतो आणि ठरावीक खोलीवर उरलीसुरली सगळी टाकून थांबतो. त्यापुढे जवळजवळ काही जात नाही. अण्णांना सांगायचं तर एक्स-रे म्हणजे प्रत्येक थांब्यावर उतारू सोडत पुढच्या गावाला निघून जाणारी साधी गाडी, आणि प्रोटॉन म्हणजे बरेचसे उतारू शेवटच्या थांब्यावरच उतरवणारी विनाथांबा. हा शेवटचा थांबा कुठे हवा ते ऊर्जेवर ठरवता येतं: ७० एमईव्हीचा (एमईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन पाण्यात साधारण ४ सेंटीमीटरवर थांबतो, २३० एमईव्हीचा ३३ सेंटीमीटरच्या आसपास.

आणि ‘जुनं-नवं’ म्हणाल तर दोन्ही उपचार एकाच वयाचे आहेत. प्रोटॉन औषधोपचारात वापरावेत ही कल्पना रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये मांडली आणि १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेला पहिल्या रुग्णावर ती वापरली गेली. लिनॅकवर पहिला रुग्ण घेतला गेला तो १९५३ मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात. तेव्हा भावाला सांगा, वयावरून मशीन निवडायचं नाही.

लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी, कवटीच्या तळाशी होणारी कॉर्डोमा नावाची गाठ, अशा ठिकाणी प्रोटॉनचा फायदा खरा आहे. वाढत्या मुलाच्या मेंदूचा रेडिएशनपासून वाचलेला प्रत्येक भाग पुढच्या साठ वर्षांसाठी मोलाचा असतो. तुमच्या घरी असं मूल असतं तर मी तुम्हाला आजच गाडीत बसा म्हणालो असतो.

फुफ्फुस मात्र प्रोटॉनला अवघड जातं. फुफ्फुस म्हणजे बहुतेक हवा. त्याची घनता पाण्याच्या पाव ते एक तृतीयांश. कण कुठे थांबेल याचा हिशेब स्नायूत एका सेंटीमीटरनं चुकला, तर तीच चूक फुफ्फुसात तीन-चार सेंटीमीटरची होते. एक्स-रेला असा शेवटचा थांबाच नसल्यामुळे त्याला याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यातून गाठ श्वासाबरोबर हलते. खालच्या भागातली गाठ एक-दोन सेंटीमीटर सहज वरखाली होते, अण्णांसारखी वरच्या भागातली बरीच कमी. आजकालचा प्रोटॉनचा झोत पेन्सिलसारखा बारीक असतो आणि गाठीचा एकेक थर भरत जातो. तो थर भरत असताना गाठ सरकली तर काही ठिकाणी दुप्पट डोस आणि काही ठिकाणी कोरडं, असं होऊ शकतं. त्यावर उपाय आहेत: तोच थर पुन्हा पुन्हा भरायचा, रुग्णाला श्वास रोखून धरायला लावायचा. तिसरी अडचण उपचार लागू पडण्यातूनच येते. तीन आठवड्यांनी गाठ आक्रसते, बंद पडलेला फुफ्फुसाचा तुकडा पुन्हा उघडतो, आणि जिथे मांस होतं तिथे हवा येते. प्रोटॉन मग ठरल्या जागेच्या पुढे जाऊन थांबतात, कधी थेट हृदयात किंवा मणक्याजवळ. म्हणून मधेच पुन्हा स्कॅन करून सगळी आखणी नव्यानं करावी लागते. चांगली केंद्रं हे सगळं करतात. पण ‘साइड इफेक्टच नाहीत’ म्हणणाऱ्या व्हिडिओत यातलं काही नसतं.

बरं, हे झालं कागदावरचं. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काय दिसलं? अमेरिकेत एमडी अँडरसन आणि मॅसॅच्युसेट्स जनरल या दोन हॉस्पिटलांनी नेमका अण्णांसारख्या रुग्णांवर हा सामना लावला. निकाल २०१८ मध्ये छापून आला. १४९ रुग्णांपैकी ९२ जणांना आयएमआरटी, म्हणजे लिनॅकवरचं आधुनिक एक्स-रे रेडिएशन, आणि ५७ जणांना प्रोटॉन. दोन्ही गटांत सोबत केमो. कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. वर्षभरात फुफ्फुसाला गंभीर सूज आली आयएमआरटीच्या ६.५ टक्के आणि प्रोटॉनच्या १०.५ टक्के रुग्णांना. गाठ जागेवरच परत वाढली अनुक्रमे १०.९ आणि १०.५ टक्क्यांमध्ये. म्हणजे प्रोटॉन सरस ठरलं नाही. प्रोटॉनमुळे फुफ्फुसाचा हलका डोस लागणारा भाग कमी झाला होता, पण जड डोस लागणारा भाग वाढला होता. हृदयाला मात्र प्रोटॉननं सगळ्याच पातळ्यांवर कमी डोस गेला.

प्रोटॉनची बाजूही मांडतो. त्या चाचणीतलं तंत्र जुन्या पद्धतीचं, झोत पसरवून देण्याचं होतं, पेन्सिलवालं नव्हतं. चाचणीत उशिरा आलेल्या रुग्णांचे निकाल आधीच्यांपेक्षा चांगले होते, म्हणजे डॉक्टरांचाही हात बसत गेला. नव्या तंत्राची बाजू याहून बरी असणं शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ या दोन शब्दांवर दीड एकर रान लावायचं नसतं.

हृदयाचा मुद्दा मात्र मी बाजूला टाकणार नाही. आरटीओजी ०६१७ नावाच्या चाचणीत डॉक्टरांना वाटलं होतं की ६० ग्रेऐवजी (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) ७४ ग्रे दिला तर जास्त जगतील. झालं उलटं. ६० वाल्यांपैकी निम्मे २८.७ महिन्यांहून जास्त जगले, ७४ वाल्यांपैकी निम्मे २०.३ महिन्यांहून. जास्त डोस जास्त चांगला, हा समज तिथे कायमचा मोडला. त्याच चाचणीत हृदयाला किती डोस जातो याचा जगण्याशी संबंध दिसला. म्हणून अण्णांची आधी अँजिओप्लास्टी झाली असेल, पंपिंग कमी असेल, तर ते रेडिएशनच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग हृदयाच्या डोसकडे त्यांना दुप्पट लक्ष द्यावं लागेल.

याच चाचणीतली आणखी एक गोष्ट तुमच्या थेट कामाची आहे. लिनॅकवरच दोन पद्धतींनी रेडिएशन देता येतं: साधी थ्रीडी आणि आयएमआरटी. फुफ्फुसाची गंभीर सूज थ्रीडीत ७.९ टक्के, आयएमआरटीत ३.५ टक्के. चुलतभाऊ ज्या फायद्यासाठी २६ लाख घालायला सांगतोय, त्याचा मोठा वाटा तुमच्याच जिल्ह्यात मशीनचा मोड बदलून मिळू शकतो. तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांना ‘लिनॅक आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. आयएमआरटी किंवा व्हीमॅट (आयएमआरटीचाच, मशीन फिरवत देण्याचा प्रकार) करणार का, फोर-डी सीटी करणार का, आणि मशीनवर रोज किंवा निदान आठवड्यातून काही वेळा कोन बीम सीटी घेऊन जागा तपासणार का, हे तिन्ही विचारा. यातलं काहीच नसेल, किंवा मशीन जुन्या पद्धतीचं, कोबाल्टचं असेल, तर कोल्हापूर, मिरज, पुणे असं जवळचं दुसरं केंद्र बघा. तिथे जाण्यासाठी शेत विकावं लागत नाही.

फोर-डी सीटी म्हणजे काय ते बघायला तुम्ही स्वतः आत जा. काही ठिकाणी आखणीच्या दिवशी नातेवाइकाला काचेपलीकडे उभं राहू देतात. अण्णांना दोन्ही हात डोक्यावर घेऊन पाठीवर झोपवतील. पाठीखालच्या गादीतली हवा ओढून तिला त्यांच्या अंगाचा आकार देतील, म्हणजे रोज तसंच झोपता येईल. छातीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके गोंदतील. पोटावर एक छोटी ठोकळी ठेवतील, तिच्याकडे रोखलेला एक कॅमेरा असतो, आणि स्क्रीनवर श्वासाची रेघ वरखाली होताना दिसते. स्कॅन झाला की गाठ श्वासाबरोबर किती हलते ते हलत्या चित्रात दिसतं. खांदा आखडलेला असेल तर हात वर धरणं जड जातं, म्हणून आतापासून घरी रोज थोडा व्यायाम करून घ्या. पुढे आखणी तयार झाली की डॉक्टरांना स्क्रीनवर ती दाखवायला सांगा, आणि एक आकडा विचारा: व्ही२०. दोन्ही फुफ्फुसांचा किती टक्के भाग २० ग्रे किंवा जास्त डोस घेतोय तो हा आकडा. ३५ टक्क्यांच्या आत हवा. हृदय आणि मणक्याच्या मर्यादाही तिथेच दिसतील.

हीच ती जागा, जिथे माझं मत बदलू शकतं. सगळे प्रयत्न करूनही एक्स-रेच्या आखणीत या मर्यादा पाळता येत नसतील, तर प्रोटॉनचा विचार रास्त आहे. आधी त्याच छातीवर रेडिएशन झालेलं असेल, फुफ्फुस आधीच फायब्रोसिसनं (कडक होऊन) खराब असेल, गाठ हृदयाला लपेटून खाली उतरलेली असेल, तरीही. नेदरलँड्समध्ये हे रीतसर करतात. एकाच रुग्णाच्या दोन आखण्या करायच्या, एक एक्स-रेची, एक प्रोटॉनची. त्रास किती टक्क्यांनी कमी होईल याचा हिशेब मांडायचा, आणि फरक ठरलेल्या रेषेच्या वर गेला तरच प्रोटॉन. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते, कारण त्यात वडिलांवरचं प्रेम किती लाखांचं, हा प्रश्नच येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ‘इथे मर्यादा बसत नाहीत’ असं सांगितलं, तर ती आखणी घेऊन खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये मत घ्या. तिथे सरकारी प्रोटॉन केंद्र २०२३ पासून चालू आहे. देशातलं पहिलं केंद्र चेन्नईचं, खासगी, २०१९ चं. एवढी यातायात करायची नसेल तर ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून टाटाच्या तज्ज्ञांचं लेखी मत घरबसल्या मिळतं. पण मत येईपर्यंत सांगलीची आखणी थांबवू नका.

आता पैशाबद्दल, कारण पैसे लागणार आहेतच, फक्त वेगळ्या ठिकाणी. रेडिएशन आणि केमोसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आजच विचारा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. खरा प्रश्न रेडिएशन संपल्यावरच्या औषधाचा येतो, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

ऑपरेशन न होणाऱ्या स्टेज ३ मध्ये गेल्या काही वर्षांत जगण्याचा आकडा सगळ्यात जास्त हलवला तो औषधांनी. पॅसिफिक नावाच्या चाचणीत केमो-रेडिएशननंतर वर्षभर डुरव्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी हयात होते ४२.९ टक्के, न दिलेल्यांपैकी ३३.४ टक्के. मात्र गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असेल तर हे इंजेक्शन फारसं उपयोगी पडत नाही, आणि आपल्याकडे अॅडिनोकार्सिनोमात हा बदल बऱ्याच जणांत सापडतो. त्यांच्यासाठी रोजची एक गोळी आहे, ओसिमर्टिनिब. २०२४ मध्ये छापलेल्या लॉरा चाचणीत केमो-रेडिएशननंतर ही गोळी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आजार ३९.१ महिन्यांहून जास्त थोपून राहिला. नुसत्या दिखाऊ गोळीवर ५.६ महिने. प्रोटॉनच्या कुठल्याही तक्त्यात एवढी मोठी दरी मी पाहिलेली नाही.

ही दोन्ही औषधं महाग आहेत. रानाबद्दल घरात बोलायचंच असेल तर या औषधासाठी बोला, आणि तेही हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडून कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, धर्मादाय रुग्णालयातल्या सवलतीच्या खाटा, एवढं सगळं विचारून झाल्यावर. पण बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) ईजीएफआर, एएलके (असंच दुसरं जनुक) आणि पीडी-एल१ (इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा अंदाज देणारं प्रथिन) तपासणीला आत्ताच पाठवा. रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि पॅसिफिकमध्ये इंजेक्शन रेडिएशन संपल्यावर ४२ दिवसांच्या आत सुरू केलेलं होतं. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर तोही आधी करून घ्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ३० सिटिंगमध्ये ६० ग्रे, सोबत साप्ताहिक केमो: जगभर स्टेज ३ चा हाच पायाभूत उपचार आहे, आणि ज्याला तो सांगलीत नीट मिळतो त्याला कमी काही मिळालेलं नसतं. चुलतभावाचा हेतू वाईट नाही. त्याला मदत करायचीच असेल तर सहा आठवडे अण्णांना आणण्या-नेण्यासाठी गाडीचा खर्च उचलायला सांगा. सिटिंगमध्ये खाडे पडणं फार वाईट. सुट्टी, लग्न, ऊसतोड, काहीही असो.

खाण्याचं आईंना सांगा. तिसऱ्या आठवड्यापासून अन्ननलिका सोलवटल्यासारखी होते, घास उतरताना दुखतं. तिखट, कोरडी भाकरी बंद. मऊ भात, ताक, शिरा, उकडलेलं अंडं, जे जाईल ते. वजन उतरू देऊ नका. बिडी-तंबाखू सुरू असेल तर आज बंद. रेडिएशन चालू असताना धूर ओढला तर उपचाराचा परिणामही घटतो आणि त्रासही वाढतो, यावर मी कोणाशी घासाघीस करत नाही.

आणि एक सूचना गावातल्या डॉक्टरांसाठी, ती तुम्हीच पोचवा. रेडिएशन संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप लागली, तर ती बहुतेक वेळा रेडिएशनची सूज असते. ती स्टेरॉइडनं आटोक्यात येते, पण वेळेवर ओळखली तर. एक्स-रेवर छातीत सावली दिसते आणि आपल्याकडे सावली दिसली की टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते. त्यात नको तेवढे दिवस जातात. अण्णांच्या रेडिएशन समरीचा फोटो तुमच्या, आईंच्या आणि गावातल्या डॉक्टरांच्या फोनमध्ये ठेवा, आणि असा खोकला आला तर पहिला फोन सांगलीच्या रेडिएशन विभागाला करा.